पाठ नसलेला कॅमेरा

मत्सर हा शब्द मला पुस्तकी वाटतो. आमच्या कसबा बावड्यात त्याला पोटात दुखणं म्हणतात आणि तेच बरोबर आहे, कारण ते खरोखर पोटातच दुखतं, बेंबीच्या जरा वर, डाव्या अंगाला. माझं सव्वा वर्ष दुखत होतं. डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, मी त्या नेमानं घेतल्या. खरं कारण मला ठाऊक होतं, पण ते डॉक्टरला काय सांगणार?

मी लग्नाचं शूटिंग करतो. पंचवीस वर्षं झाली. आधी खांद्यावर घ्यायचा कॅमेरा होता, मग हातात मावणारा आला, आता ड्रोन उडवतो आणि नवरदेवाला उसाच्या फडातून स्लो मोशनमध्ये पळवतो. कोल्हापूरला सिनेमाची मोठी परंपरा आहे हे इथलं शेंबडं पोरगंही सांगतं. त्यामुळे इथं कॅमेरा धरणाऱ्या प्रत्येकाला आतून वाटत असतं की आपण मूळचे कलावंत, परिस्थितीनं लग्नात अडकलो. मलाही वाटायचं. बायको म्हणायची, "अडकलाय कुठं? चांगलं जेवून येताय की रोज."

तर गावातल्या एका संग्रहालयानं नवीन दालन काढायचं ठरवलं. तलवारी, नाणी, तांब्याची भांडी आणि भुसा भरलेला वाघ बघून लोक कंटाळले होते. शाळेच्या सहली यायच्या, पोरं वाघाच्या तोंडात बोट घालायची आणि बाहेर भेळ खायला पळायची. आता तिथं पडद्यावर हलणाऱ्या आणि डोळ्यांना चष्मा लावून बघायच्या नव्या कलाकृती बनवून घ्यायच्या होत्या. चष्मा म्हणजे ते व्हीआरचं यंत्र. ते चढवलं की आपण तिथंच उभे आहोत असं वाटतं. मान वळवाल तिकडचं दिसतं, मागं वळलात तर मागचंही. विषय दिला होता, आपल्या जिल्ह्यातली हाताची कामं. जिल्ह्यातल्या कलाकारांकडून प्रस्ताव मागवले होते. पेपरातली ती जाहिरात मी कापून पाकिटात ठेवली आणि आठवडाभर दर सिग्नलला काढून वाचली.

माझ्याकडे विषय तयार होता. माझे वडील, आमचे आबा, जन्मभर गुळव्या होते. गुऱ्हाळात उसाचा रस भल्यामोठ्या काहिलीत उकळतो, त्याचा गूळ होतो. तो नेमका कधी झाला, काहील चुलवणावरून कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. दोन मिनिटं आधी उतरवली तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशिरा उतरवली तर करपतो. ऊस मालकाचा, काहील मालकाची, पण त्या दोन मिनिटांचा मालक गुळव्या. मोठमोठे बागायतदार आबांच्या तोंडाकडे बघत उभे राहिलेले मी लहानपणी पाहिलेत. आबा हात उचलत नाहीत तोवर कुणी खोकतसुद्धा नसे.

त्या आबांच्या माझ्याकडे अकरा कॅसेट होत्या. धंद्याला लागल्यापासून मी जमेल तेव्हा गुऱ्हाळावर जाऊन त्यांचं शूटिंग करत आलो होतो. कधीतरी मोठं काहीतरी करू, हे मनातले मांडे. अकरा कॅसेटमध्ये आबांची पाठ आहे, कोपर आहे, वाफेत हरवलेली टोपी आहे. आबांचं बोलणं फक्त एक आहे आणि ते सगळ्या कॅसेटमध्ये तेच आहे: "बाजूला हो, काहिलीत पडशील." गूळ झाल्याची त्यांची अशी काहीतरी स्वतःची खूण होती. बाकीचे गुळवे पाण्यात गोळी करून बघत. आबाही बघत, पण ते लोकांना दाखवायला. त्याआधीच त्यांना कळलेलं असे. कसं, ते मी किती वेळा विचारलं असेल. ते म्हणायचे, "तुला काय करायचंय? तू तुजी लग्नं कर."

मी प्रस्ताव लिहिला. बायकोच्या भाच्याकडून टाइप करून घेतला. अकरा कॅसेटमधलं निवडून पाच मिनिटांची झलक जोडली, मागं संथ बासरी टाकली. दीड महिन्यानं पत्र आलं. त्यात माझ्या कामाबद्दल आदर होता, शुभेच्छा होत्या आणि निवड नव्हती.

निवड तिची झाली होती.

ती कोण, ते सांगतो. इचलकरंजीची. बाप यंत्रमागावर दुसऱ्या पाळीला. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे ती शेजारी बसलेल्या माणसाशीही पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल इतक्या जोरात बोलायची. वीस वर्षांपूर्वी कॉलेज करता करता ती माझ्याकडे कामाला होती. हळदीचं आणि नवरीच्या खोलीतलं शूटिंग करायला बाईमाणूस हवं, अशी घरच्यांची अट असायची, म्हणून तिला ठेवली. आधी लाइट धरायची. मग कॅमेरा धरायला लागली. कॅमेरा कसा धरायचा, श्वास कुठं रोखायचा, हे मी शिकवलं. पुढं ती बाहेर शिकायला गेली, कुठं कुठं प्रदर्शनं केली आणि नावाजली. दिवाळीला तिचा मेसेज यायचा, त्यात मी अजून 'दादा' होतो. तोवर माझ्या पोटात काही नव्हतं, उलट मी चारचौघांत सांगायचो की ही आपल्या हाताखालची.

तिचाही प्रस्ताव गुऱ्हाळावरच होता. हे कळलं त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुऱ्हाळ तिनं पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याबरोबर, माझ्या मोटारसायकलवर मागं बसून. काकवी पहिल्यांदा चाटली ती माझ्या बापाच्या हातची. आयत्या बिळावर नागोबा, असं मी बायकोला म्हणालो. बायको म्हणाली, "बीळ काय तुमच्या एकट्याचं हाय व्हय?" कोल्हापुरात गुऱ्हाळ काय एकानंच पाहिलेलं नसतं, हे मलाही कळत होतं. कळण्यानं दुखणं थांबत नाही.

मग ती घरी आली. पेढे नाही, हार नाही, थेट म्हणाली, "दादा, तुमच्यावर अन्याय झालाय का न्हाय ते मला ठाऊक न्हाय. पण आबांशिवाय माझं काम हुनार न्हाय. त्यांना माझ्यासाठी एक काहील उतरायला सांगाल का?"

मी सोफ्यावर मागं टेकलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोटाला जरा बरं वाटलं. म्हटलं, "आबांनी काम सोडून चार वर्षं झाली. गुडघे गेलेत. आणि आबा कॅमेऱ्यासमोर बोलत नाहीत. मी अकरा कॅसेट घालवल्यात, मला विचार."

आतल्या खोलीतून आवाज आला, "कोन म्हनतंय बोलत न्हाय?"

आबा भिंतीला धरत बाहेर आले. तिच्याकडे बघून म्हणाले, "तू ती काकवीवाली न्हवं का? बस. चा ठेवा रं कुनीतरी."

त्यानंतर पंधरा दिवस ती रोज दुपारी आमच्या घरी. कॅमेरा नाही, वही नाही, नुसती आबांच्या खाटेशेजारी पाटावर बसायची. आणि आबा बोलायचे. मला वाटलं होतं, दोन दिवसांत विषय संपेल. आबा संपायलाच तयार नव्हते. उसाच्या जाती सांगितल्या, कुठल्या विहिरीच्या पाण्याचा गूळ कसा होतो ते सांगितलं, रानभेंडीचा चीक घालून रसातली मळी कशी वर आणायची ते सांगितलं. त्यांच्या उजव्या कोपरावर एक पांढरा डाग आहे. मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा एका शब्दात उत्तर मिळालं होतं: "भाजलं." तिला तासभर सांगितलं. कुणाचं गुऱ्हाळ, कुणाचा पाय घसरला, त्याला धरताना आपला हात कसा काहिलीच्या काठाला लागला, आई कशी रात्रंदिवस कोरफड लावत होती. आईचं नाव मी आबांच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. हातात पाण्याचा तांब्या होता, पाणी प्यायचं राहूनच गेलं.

जळत होतो मी. खोटं कशाला बोलू? तिच्या कामावर जळत होतो, त्याहून जास्त त्या पाटावर जळत होतो. तो पाट आमच्या घरात माझ्या बारशापासून आहे आणि त्यावर आबांच्या शेजारी मला इतका वेळ कधी बसायला मिळालं नाही. एकदा तिनं विचारलं, "आबा, दादाला का हो शिकवलं न्हाईसा?" मी श्वास रोखला. आबांनी तिच्या कपाकडे बोट केलं. मग म्हणाले, "चा गार झाला तुजा."

शूटिंग पौषात झालं, बावड्याच्याच एका गुऱ्हाळावर. आता मोजकीच उरलीत. मालकानं आबांसाठी एक काहील मोकळी ठेवली. दुपारची वेळ, ऊन चांगलं होतं. तिनं संमतीचे कागद आणले होते. संग्रहालयाचा नियम होता, की ज्याचा चेहरा दिसेल त्याची सही हवी. आबांनी केली, चुलवणात चिपाडं टाकणाऱ्यानं अंगठा दिला, चरकावरच्या बाप्यांनी सह्या केल्या. माझ्यापुढं कागद आला तेव्हा मी म्हणालो, "मी काय यात नाही."

कॅमेरा म्हणजे एका बारीक काठीवर बसवलेलं पेरूएवढं यंत्र. पुढं डोळा, मागं डोळा. छातीइतक्या उंचीवर उभं केलेलं. ती सगळ्यांना खणखणीत आवाजात सांगत होती, "ह्याला पाठ नसती. ह्याला सगळीकडचं दिसतंय. आबा आन् जाळ घालणारे सोडून सगळ्यांनी चिपाडाच्या ढिगामागं लपायचं." ती हे सांगत होती तेव्हा मी तिच्या काठीकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, माझा लग्नाचा ट्रायपॉडसुद्धा याहून भारी आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

आम्ही सगळे ढिगामागं जाऊन बसलो. ती माझ्या शेजारी, हातात मोबाइल, कानात आबांच्या गळ्यातल्या माइकचा आवाज. काहील तापली. मळी वर आली, काढली. वाफ उठली. चरकाचं इंजिन लांब फटफटत होतं. आणि बऱ्याच वेळानं, त्या फटफटीतून मला आबांचा आवाज आला.

आबा काहिलीपाशी उभे राहून बोलत होते. कॅमेऱ्यापुढं. एकटे.

मला ते सहन झालं नाही. मी उठलो. कुणाला न सांगता ढिगाला वळसा घालून बाहेर आलो आणि जुन्या, बंद पडलेल्या चरकाच्या ओट्यावर चढून उभा राहिलो, कॅमेऱ्याच्या बरोबर मागं, चार पावलांवर. पंचवीस वर्षांची सवय. मांडव कुठलाही असो, कॅमेऱ्याच्या मागची जागा आपली. तिथं आपल्याला कुणी बघत नाही, तिथं आपण मोकळे. ह्या कॅमेऱ्याला मागची बाजूच नाही हे मी दोन-अडीच तासांपूर्वी कानांनी ऐकलं होतं. पाय ऐकत नाहीत.

वाफेतून आबा दिसत होते, पुसट. त्यांनी मान वर केली. कॅमेऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "बग. आधी खळखळती. मग फदफदती. मग दम धरती. आता धरला बग तिनं दम. आवाज बंद. दम धरला की डोळं झाकून उतरायची." पुढं ते आणखी काही बोलले, पण इंजिनानं ते खाल्लं. मग त्यांनी हात उचलला. माणसं धावली, काहील उतरली.

म्हणजे हीच ती खूण. दुसऱ्या कुणाला नाही, पोटच्या पोराला नाही, तिच्या पेरूएवढ्या डब्याला सांगितली. मी ओट्यावरून खाली उतरलो आणि मोटारसायकल काढून घरी आलो. ढेपा बघायला थांबलो नाही. रात्री आबा ताज्या गुळाचा खडा घेऊन माझ्या दाराशी आले, तर मी म्हणालो, "मला ॲसिडिटी आहे."

चार दिवसांनी तिचा फोन आला.

"दादा, तुम्ही शॉटमध्ये आलाय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शूटिंगमध्ये मध्येच येणाऱ्या मामा-काकांना मी शिव्या घातल्या होत्या.

ती म्हणाली, "आबा बोलताना तुम्ही मागं उभे आहात. मी मोबाइलवर तेव्हाच बघितलं होतं. हाक मारली न्हाय मुद्दाम. मला ते ठेवायचंय. तुम्ही एकदा या, बघा, आन् मग सही करायची का न्हाय ते ठरवा. आबा त्यात जे—"

मी तिला पुढं बोलू दिलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की तिच्या कलाकृतीत माझी जागा ठरली आहे: चिपाडाशेजारी तोंड वासून उभा असलेला एक इसम. हजारो लोक चष्मा लावतील, मागं वळतील आणि बघतील की याच्या बापानं सगळं सांगितलं ते दुसऱ्याच कुणाला आणि हा बघत बसला. मी म्हणालो, "काढून टाक मला."

"दादा, बघा तर आधी."

"सही नाही माझी. सहीशिवाय चेहरा वापरायचा नाही, हा नियम तुमचाच. काढून टाक."

फोन ठेवल्यावर मी तेच मेसेजमध्येही लिहून पाठवलं, वकिली भाषेत. तिचं उत्तर आलं: 'दादा एकदा या. फोनवर सांगण्यासारखं न्हाय.' मी गेलो नाही. एकदा ती घरी आली, तेव्हा मी बायकोला सांगितलं की मी नाही म्हणून सांग. बायकोनं दारात जाऊन मोठ्यानं सांगितलं, "हाईत आत, पन न्हाईत म्हना म्हनल्यात." मी आत खुर्चीवर बसून होतो. ती थोडा वेळ दारात थांबली, आबांशी दोन शब्द बोलली आणि गेली.

मागून कळलं की चालत्या चित्रातून माणूस पुसणं सोपं नसतं. एकेक चौकट घेऊन तिथं मागचं चिपाड रंगवावं लागतं. तिनं ते काम स्वतः केलं, तीन आठवडे. ऐकून मला बरं वाटलं. लागू दे म्हटलं तीन आठवडे.

दालनाचं उद्घाटन दसऱ्याच्या आधी झालं. फीत, हार, समई, भाषणं. आबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. ते येताना गाडीत मला म्हणाले होते, "तू बी बग हां. नुसता दारात उबा राहू नकोस." म्हणून मी गेलो, नाहीतर दारातच थांबणार होतो.

आतल्या काळ्या खोलीत पाच फिरत्या खुर्च्या आणि पाच चष्मे होते. लोक खुर्चीत गोल गोल फिरत होते, हात पुढं करून वाफ धरायला बघत होते. एक बाई बाहेर येऊन म्हणाली, "वासच तेवढा न्हाय आला बघा." तिच्याबरोबरचे गृहस्थ म्हणाले, "झकास आहे. फक्त म्हातारा आपल्याकडं बघत न्हाय. जरा वरच बघतोय." मला आनंद झाला. चूक सापडली होती. गाढवाला गुळाची चव काय, असं एरवी मी त्या गृहस्थांना म्हटलं असतं, त्या दिवशी मला ते मोठे रसिक वाटले.

मी खुर्चीत बसलो, चष्मा चढवला.

आणि मी गुऱ्हाळात होतो. काहिलीपासून दोन हातांवर. आबा समोर. माझ्या अकरा कॅसेटमध्ये नव्हते इतके जवळ. वाफ मध्ये आली, गेली. डोळ्यांखालच्या सुरकुत्या दिसल्या, कपाळावरचा घाम दिसला. ते म्हणाले, "बग." पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्या गृहस्थांचं बरोबर होतं. आबांची नजर माझ्या डोक्यावरून चार बोटं वरनं मागं जात होती.

"आधी खळखळती. मग फदफदती. मग दम धरती. आता धरला बग तिनं दम. आवाज बंद. दम धरला की डोळं झाकून उतरायची."

इंजिनाचा आवाज इथं बारीक होता. गळ्यातल्या माइकनं सगळं नीट धरलं होतं. मागं जाणारी नजर न हलवता आबा पुढं म्हणाले, "तवा न्हाय सांगितलं तुला. सांगितलं असतं तर हितंच जळत बसला असतास माज्यागत. म्हनून बाजूला हो म्हनायचो. आता ऐकलंस? झालं मग."

आणि हात उचलला.

मी खुर्ची गर्रकन फिरवली. मागं ओटा होता. ओट्यावर ऊन होतं, चिपाडाचा ढीग होता. ढीग फार सुंदर रंगवला होता तिनं, एक काडीसुद्धा खोटी वाटत नव्हती. माझा बाप जन्मभर धरून ठेवलेली गोष्ट त्या ढिगाला सांगत होता. माझं पोट दुखलं. मला त्या ढिगाचा हेवा वाटला.

चित्र संपलं की आपोआप पहिल्यापासून सुरू होतं. मी तीनदा बघितलं. मग रांगेतल्या माणसानं खांद्यावर टकटक केलं.

बाहेर ती उभी होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. तिचा तो पलीकडच्या गल्लीत जाणारा आवाज त्या दिवशी अगदी बारीक झाला होता. म्हणाली, "मी सांगत हुते, दादा." मी म्हणालो, "हो." मूळचा शॉट आहे का, एवढं विचारायचं होतं, ते ओठांवर येऊन परत गेलं. तिच्याकडे मागायचं, हे अजूनही जमत नव्हतं.

तेवढ्यात आबांचा नंबर आला. त्यांनी टोपी काढली, माझ्या हातात दिली, खुर्चीत बसले. तिनं हलक्या हातानं चष्मा चढवला. "हे टोपडं लई जड हाय गं," असं म्हणाले. मी खुर्चीच्या मागं उभा होतो, त्यांची टोपी धरून. त्यांचे ओठ हलत होते, चित्रातल्या स्वतःबरोबर. खळखळती, फदफदती.

मग त्यांनी पायानं खुर्ची फिरवली. सावकाश, गुडघे सांभाळत. पूर्ण वळले आणि माझ्या समोर येऊन थांबले, हाताच्या अंतरावर. मध्ये तो काळा चष्मा. मान जरा वर केली, ओट्याच्या उंचीला. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. परत मधोमध.

"पोरगं हितं हुतं की माजं," आबा म्हणाले. "कुठं गेलं?"

तिनं तोंडावर हात ठेवला होता.

मी वाकलो. म्हणालो, "आबा, हाय की मी. हितंच हाय."

त्यांनी हात पुढं केला. तो माझ्या छातीला लागला. त्यांनी तो चाचपून बाजूला सारला, वाटेत आलेल्या माणसाला सारतात तसा.

"तू न्हवं रं," आबा म्हणाले. "त्यो. मी बोलत हुतो तवा हुता त्यो."